खिडकी उघडण्याचं उद्घाटन

मी खिडकी बोलतेय. एका मोठ्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर बैठकीची खोली आहे, तिथली. आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या. बरीच वर्षं तोंड बंद होतं.

सुताराने मला चौकटीत बसवलं, कडी लावून-काढून पाहिली आणि तो आपल्या भावाला म्हणाला, "समोर झाड, मागे दार. वारा आरपार जाईल बघ. इथे बसणाऱ्यांची चैन आहे!"

खरंच चैन होती. लोक माझ्या कठड्याला टेकून डबा खायचे, खालच्या चहावाल्याला बोटांनी कप दाखवायचे, साहेबांविषयी मनातलं बोलायचे. मी कधी कुणाची चहाडी केली नाही.

मग एसी आला. त्याची हवा बाहेर जायला नको म्हणून मला स्क्रू मारून जाम केलं. काचांवर काळा कागद चिकटवला, वर जाड पडदा सोडला. तेव्हापासून माझ्या लेखी दिवस काय, रात्र काय, सगळं सारखंच.

एके दिवशी वरून हुकूम आला : पृथ्वी तापतेय, प्रत्येक कचेरीने विजेचा वापर कमी करावा. साहेबांनी लगोलग हवामान कृती समिती नेमली. पहिली बैठक माझ्याच खोलीत झाली. भर दुपारी, पडदे ओढून, सगळे दिवे लावून.

"उष्णता असह्य होत चाललीय," साहेब खांद्यावरची शाल सावरत म्हणाले. बाकीच्यांनी स्वेटरच्या बाह्यांतून हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवल्या.

समितीत एक नकाशेवाल्या बाई होत्या. इमारतींचे नकाशे काढायचं त्यांचं काम. स्पष्ट बोलायच्या, आणि जरा जास्तच बोलायच्या, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की लोक घड्याळाकडे बघत.

"साहेब, ही खिडकी उघडू या का? उजेड येईल, वारा येईल. एसी निदान सकाळी तरी बंद ठेवता येईल."

सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. कुणीतरी भलतंच बोलून गेल्यासारखं.

"धूळ येईल," एक जण म्हणाला.

"पाखरं येतील," दुसरा म्हणाला.

"आणि नियमात बसायला हवं ना!" हे मोठे क्लार्क. त्यांना सगळे नियमकाका म्हणत. शिंक आली तरी ती कुठल्या कलमाखाली येते हे बघणारा माणूस.

शेवटी खिडकीसाठी एक उपसमिती नेमली गेली. आपल्यावर उपसमिती! मी मनातून फुलले. पण उपसमितीने काय करावं? एक मोठं पोस्टर छापून आणलं. हिरवंगार रान, त्यात एक सताड उघडी खिडकी, खाली अक्षरं : 'मोकळी हवा, सर्वांचा हक्क'. आणि ते चिकटवायला भिंतीवर जागा नाही म्हणून माझ्यावरच चिकटवलं.

पुढे दारात एक भलामोठा फलकही लागला. आज किती वीज वाचली ते त्यावर दिसायचं. तो रात्रंदिवस झगमगत असे. विजेचा वापर आणखी वाढला. मग त्याची कारणं शोधायला पुन्हा बैठक, पुन्हा पडदे, पुन्हा शाल.

त्या बैठकीत बाईंचा बांध फुटला. "आमच्या वस्तीत रोज दुपारी वीज जाते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. वर पत्रा. मी त्यांच्या अंगावर ओला पंचा टाकून कामाला येते, आणि इथे आपण थंडीने कुडकुडत बसायचं? लाज वाटते हो!"

"भावना समजल्या," साहेब म्हणाले. "पण इतकी तळमळ असेल तर तुमची बदली करता येईल. डोंगराकडच्या शाखेत भरपूर वारा आहे."

बाईंनी वही मिटली. सासूबाईंना टाकून त्या कुठे जाणार? त्यानंतरच्या बैठकांत त्या गप्प राहू लागल्या. मला त्या काळ्या कागदापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागलं.

आणि मग तपासणी आली. मुख्य कचेरीतून वयस्कर बाईसाहेब येणार होत्या. ऐन उन्हाळा. साहेबांनी फलक, रोषणाई, अंगणातलं कारंजं, प्रोजेक्टर, सगळं एकदम सुरू केलं. बाईसाहेब खुर्चीत टेकल्या, साहेबांनी 'आमची विजेची बचत' असे शब्द उच्चारले, आणि एसीने मान टाकली.

थोड्याच वेळात खोलीची भट्टी झाली. बाईसाहेबांना धाप लागली. "जरा हवा..." एवढंच त्या म्हणाल्या.

"मेकॅनिकला फोन केलाय," साहेब घाम पुसत म्हणाले.

नकाशेवाल्या बाई उठल्या. पडदा बाजूला सारला, पोस्टरच्या कडेला नख घातलं आणि ते टर्रकन फाडलं.

"बाई, बदली लक्षात आहे ना?" साहेब ओरडले.

"आहे. पण आधी यांना श्वास घेऊ द्या." त्यांनी पर्समधून नवऱ्याचा पेचकस काढला. कितीतरी दिवस तो बरोबर घेऊन फिरत होत्या म्हणे. धीर होत नव्हता. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला. तो काही केल्या हलेना.

तेवढ्यात नियमकाका उठले. मला वाटलं, आता हे कलम सांगणार. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मला खांदा लावला आणि म्हणाले, "हाणा!"

कर्रर्र करून मी उघडले. वारा आत शिरला, कागद उडाले, साहेबांची शाल खाली पडली. बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर रंग आला. मला हसावं की रडावं कळेना.

"कुणाची कल्पना ही?" बाईसाहेबांनी विचारलं.

"आमची नैसर्गिक वायुवीजन योजना," साहेब चटकन म्हणाले. "समितीचं दीड वर्षाचं काम."

झालं! योजनेला बक्षीस मिळालं, साहेबांच्या गळ्यात हार पडला. बाईंची बदली मात्र टळली. योजना चालवायला कुणीतरी हवंच होतं. आणि इतक्या मोठ्या योजनेचं रीतसर उद्घाटन नको का? म्हणून मला पुन्हा बंद केलं, कडीला लाल फीत बांधली. पाहुणे येऊन कापतील, तोवर कुणी उघडायचं नाही. पाहुणे सध्या परदेशांत हवामानावर भाषणं देत फिरताहेत. तारीख पुढे पुढे जातेय.

पण एक सांगते, तुमच्यापाशीच राहू द्या. साहेब सकाळी उशिरा येतात. त्याआधी नकाशेवाल्या बाई आणि नियमकाका खोलीत येतात, फितीची गाठ सोडतात, मला उघडतात. हल्ली हिशेब विभागातली माणसंही आपापल्या फायली घेऊन इथेच येऊन बसतात. एसी गप्प, दिवे गप्प. खाली साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला की नियमकाका फीत पुन्हा जशीच्या तशी बांधतात. गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

तुमच्याही कचेरीत माझी एखादी बहीण असेल, पडद्याआड. तिच्यावर समिती नेमू नका. फीत कापायला पाहुणे लागतात. गाठ सोडायला दोन बोटं पुरतात.