दिवस कुठून मोजायचे

पहिली थप्पड बसली तेव्हा तिच्या हातात अंडं होतं. ते फुटलं. दुसरीला टेबलावरचा दिवा खाली पडून फुटला, आणि तिसरीला तिचा ओठ.

हॅचरीत दिव्यावर अंडी बघायचं तिचं काम. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं. आत लाल शिरा दिसल्या तर जिवंत, नाहीतर बाद. नवरा तिथंच उबवणीच्या मशीनवर होता. त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. अंडी मशीनमध्ये घातल्यापासून एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर, यात त्याची कधी चूक झाली नव्हती, आणि हे तो जेवतानासुद्धा सांगायचा. माणसाला एका गोष्टीतलं कळायला लागलं की जगातलं सगळंच आपल्याला कळतं असं वाटायला लागतं. हा त्यातलाच उंटावरचा शहाणा. हात उगारायची सवय मात्र जुनी. मशीनची उष्णता अर्ध्या अंशानं चुकली तरी त्याचा राग घरी येऊन तिच्या पाठीवर उतरायचा.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. तिच्या डब्याच्या पिशवीत त्याला सकाळच्या सोनोग्राफीचा कागद सापडला. कागदावर दोन ओळी होत्या. शेवटच्या पाळीनुसार तेरा आठवडे, त्यावर पेनाची रेघ. बाळाच्या मापानुसार नऊ आठवडे दोन दिवस, त्याभोवती गोल. आणि तो चार महिने दुसऱ्या हॅचरीत मशीनं बसवून परत आला, त्याला झाले होते बरोब्बर आठ आठवडे.

"तेरा धर नाहीतर नऊ धर, दोन्ही आठाच्या वर," तो म्हणाला. "नाव सांग त्याचं."

"अहो, ऐका तरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"डॉक्टरीणबाई गेली खड्ड्यात. नाव!"

त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं हात वर धरला, तर त्यानं करंगळी पकडली आणि मागे वाकवत नेली.

"कुणी नाही हो! तुमचंच आहे! आईशप्पथ सांगते!"

करंगळी मोडली. आवाज एवढासाच झाला, काडी मोडल्यासारखा. ती ओरडली तेव्हा तो एक पाऊल मागे सरला, आणि तिला वाटलं, संपलं. पण तो तिच्या पोटाकडे बघत होता. पायातला बूट त्यानं जमिनीवर एकदा घासला, नेम धरल्यासारखा.

इतकी वर्षं ती मार खाताना भिंतीकडे तोंड करून बसायची. आज मात्र तिनं टेबलावरचा अख्खा ट्रे उचलून त्याच्या तोंडावर हाणला. नव्वद अंडी होती. तो घसरला, गुडघ्यावर आपटला, आणि ती पळाली. समोर अंडी साठवायची थंड खोली होती. आत शिरून तिनं दाराच्या दांड्यात ट्रॉलीची लोखंडी सळई आडवी खुपसली. क्षणभरात दारावर त्याचा मशीनचा पाना बसायला लागला.

"उघड! दार तोडून दोघांनाही गाडीन!"

पत्र्याला पोचे पडत होते. सळई दर घावाला बोटभर सरकत होती. ती दोन्ही पाय दारावर रोवून जमिनीवर बसली. एक हात पोटावर होता, मोडक्या करंगळीचा. वेदनेनं डोकं बधिर झालं होतं, पण सकाळचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पाळी वेळेवर येते का? ती हसली होती. कधी चाळीस दिवसांनी, कधी साठ, बाई. तिला आमचा पत्ताच सापडत नाही. मग बाईंनी तेरावर रेघ मारली आणि नवाला गोल केला. अशी पाळी असेल तर तिच्यावरून मोजायचं नाही, बाळाच्या मापावरून मोजायचं. आणि त्यातलेही पहिले दोन आठवडे नुसते मोजायच्या रीतीचे, तेव्हा गर्भ नसतोच. गर्भ राहिला तो सव्वासात आठवड्यांपूर्वी, चार-पाच दिवस इकडेतिकडे.

हे त्याला कसं सांगायचं? बाईमाणसाच्या शरीरातलं काही ऐकून घेणारा तो नव्हेच. थंडीनं तिचे दात वाजायला लागले. मान वर केली तर छतापर्यंत अंडी, आणि प्रत्येक ट्रेवर त्याच्याच अक्षरात तारीख.

"इथली अंडी कधीची आहेत?" ती ओरडली.

पाना थांबला. अंड्यांबद्दल विचारलं की त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

"अकरा दिवसांपूर्वीची. का?"

"मग यांची पिल्लं दहा दिवसांत निघतील?"

"अक्कल आहे का? थंडीत अंडं नुसतं थांबून असतं. मशीनमध्ये गेलं की पहिला दिवस."

"माझंही तसंच आहे," ती म्हणाली. "पाळी तेरा आठवड्यांपूर्वी आली. पुढं चाळीस दिवस नुसते थांबण्यातले. तुम्ही आलात, त्यानंतर पाचव्या दिवसापासून मोजा. नवातले दोन काढून टाका. उरले सव्वासात."

 बाहेर तो बोटांवर मोजत पुटपुटायला लागला. मग पाना खाली पडल्याचा आवाज आला, आणि तो हसला.

"अगं, म्हणजे माझंच की! आधी नाही का सांगायचं, येडे? उघड, उघड दार. थंडी बाधेल त्याला."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मघाशी ज्याच्यावर बूट उगारला, त्याला आता थंडी बाधणार होती. तिचा हात सळईपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"एक सांगा. आकडे जुळले नसते तर?"

"तर मेली असतीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लबाडी तर नव्हतीच, माया होती. "पण जुळले ना? मग आता कशाला तो विषय?"

तिनं सळई पुन्हा पक्की ठोकली. पाना थांबला होता, आता दारावरचे पाय काढता येत होते. आतल्या भिंतीवरच्या फोनवरून तिनं ट्रे धुणाऱ्या मावशीला बोलावलं, म्हणाली, एकटी येऊ नकोस. पाच जणी आल्या, हातात पाण्याचे जाड पाइप घेऊन. तो अजून हसतच होता, बाप झालो म्हणून सांगत होता. एकीनंही त्याचं अभिनंदन केलं नाही. त्या दाराकडे पाठ करून त्याच्या आड उभ्या राहिल्या तेव्हा ती बाहेर आली, आणि त्याच्याकडे न बघता त्यांच्या मधून चालत गेली.

चौकीत हवालदारीणबाईंनी आधी तिच्या कपाळाला कापूस लावला, मग वही उघडली.

"कधीपासून मारतो?"

पाळीची तारीख तिला आयुष्यात कधी धड सांगता आली नव्हती. ही मात्र तिनं वारासकट सांगितली.