बेबाबाईच्या नावाचा ठोका

वच्छलाबाई रेडिओवर गायला गेली ती स्वतःचं नाव व्हावं म्हणून नाही. तिला एकच नाव रेडिओतून रावेरला पोचवायचं होतं. धाकट्या बहिणीचं, बेबाबाईचं.

बेबाबाई रावेरला दिलेली. भावाच्या लग्नात तिच्या सासऱ्याला टोपी-टॉवेल हलका दिला म्हणे. एवढ्यावरून त्या माणसानं सुनेचं माहेर बंद करून टाकलं. टॉवेल केवढा, राग केवढा! श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, गावोगावच्या लेकी येतात, बेबाबाई येत नाही. तरी वच्छलाबाई तिचं कडवं सोडायची नाही. कानबाईचं गाणंच तसं असतं. पहिली ओळ तीच, दुसऱ्या ओळीत दर वेळी एकीचं नाव.

कानबाई माय ऊनी, अंगन झाडा व
बेबाबाई बहीन मनी, दिवा लावा व

वच्छलाबाई गावातच दिलेली; ढोलक वाजवायचा तिचा धाकटा दीर हिलाल. नाव जवळ आलं की तो ढोलकावर बोटं घासून गुरगुर काढायचा आणि नावावर दाणकन एक ठोका. ठोका पडला की ती बाई गर्दीतून लाजत पुढं यायची.

आता गल्लीतला आवाज रावेरपर्यंत थोडाच जातो? पण रेडिओ जातो. श्रावणासाठी लोकगीतं पाहिजेत असं रेडिओवालेच बोलले, तशी वच्छलाबाईनं हिलालला उठवलं. ढोलक गोधडीत गुंडाळलं आणि दोघं यष्टीनं शहरात गेली.

रेडिओ स्टेशनात बाकड्यावर बसून बसून पाठ आखडली. मागून आलेली सतारवाली मंडळी पुढं गेली, चहा पिऊन हसत बाहेरही आली. यांना कोणी विचारलं नाही. शेवटी रतिलाल शिपायानं पाणी आणून दिलं.

"भाऊ, साहेबना घरनी बाईनं नाव काय शे?" वच्छलाबाईनं त्याला विचारलं.

"यशोदाबाई. का बरं?"

"का म्हंजे? तेसना दारशी गाणं म्हनाले ऊनूत ना!"

ज्याच्या दारी गाणं, त्याच्या घरच्या बाईचं नाव आधी. आईनं शिकवलेलं. यात विचारण्यासारखं काय?

आतली खोली विचित्र. भिंतींना भोकंच भोकं, आवाज तोंडातून निघाला की तिथंच मरतो. काचेपलीकडे साहेब. लाल दिवा लागला, वच्छलाबाईनं सूर धरला, हिलालनं गुरगुर केली आणि पहिलाच ठोका पडला तो यशोदाबाईवर.

दिवा विझला. साहेब दार ढकलून आत.

"यशोदाबाई कोण?"

"तुमनी घरवाली, साहेब."

काचेमागं दोघं फिदीफिदी हसली. साहेबाचे कान लाल झाले. "वशिला लावता? माझ्या बायकोच्या नावानं गाणी म्हणता इथं?"

"वशिला नही साहेब, मान शे."

"नावंबिवं चालणार नाहीत. रेडिओ म्हणजे तुमची गल्ली नव्हे. आणि ते ऊनी, मनी काढा. लोकांना कळेल असं म्हणा."

"कोनता लोकेसले?" हिलालनं विचारलं. "आमनाकडे ते लहान-मोठा बठ्ठासले समजस."

साहेबानं त्याच्याकडं असं बघितलं, जसा तो चपला घालून देवघरात शिरलाय. वच्छलाबाईनं हिलालला चिमटा काढला. तिचं स्वतःचं डोकं तव्यासारखं तापलं होतं. यजमानाला मान दिला तर तो आपण चोरी केल्यासारखं बोलतो! उठावं, ढोलक घ्यावं आणि निघावं. पण रावेर डोळ्यांसमोर आलं. ती बसली.

मग तिनं ऊनीचं 'आली' केलं, मनीचं 'माझी' केलं. तोंडात खडे घेऊन बोलावं तसं गाणं झालं. नावाऐवजी नुसतं 'ताई माझी, ताई माझी'. हिलालनं गुरगुरही केली नाही, ठोकाही दिला नाही. नावच नाही, तर मान कोणाला द्यायचा? फक्त शेवटच्या कडव्याला तिनं त्याच्याकडं बघितलं. गुरगुर झाली. "बेबाबाई" म्हटलं. ठोका पडला.

साहेबानं दार उघडून धरलं. "झालं. या आता."

गाणं शुक्रवारी सकाळी लागेल, एवढं रतिलालनं सांगितलं. केळीच्या ट्रकवरचा जीवराम ड्रायव्हर रावेरचाच. तो गावच्या फाट्यावर चहाला थांबतो. त्याच्याकडे वच्छलाबाईनं निरोप दिला, "बेबाले सांग, शुक्रवारी रेडिओ लाव म्हना."

शुक्रवारी सगळी गल्ली ओट्यावर. ट्रान्झिस्टरचे सेल आदल्या दिवशी उन्हात तापवून ठेवलेले. निवेदक म्हणाला, "ऐकू या एक पारंपरिक लोकगीत." कोणी गायलं, कोणी वाजवलं, काही नाही! जसं ते गाणं भिंतीतून आपोआप उगवलं. ताई माझी झालं, पुन्हा ताई माझी झालं. शेवटचं कडवं आलं. गुरगुर आली. आणि कच्च! सरळ "दिवा लावा". मधलं गायब.

"मना ठोका बी कापी टाका!" हिलाल ओरडला.

वच्छलाबाईनं ट्रान्झिस्टरचा कान पिरगाळून तो बंद केला. पुढची जाहिरात त्याला गिळू दिली. साखरेच्या, साबणाच्या नावाला रेडिओत जागा आहे, माझ्या बहिणीच्या नावाला नाही! ती दिवसभर भांडी आपटत राहिली.

दोन दिवसांनी जीवराम रावेरला परतणाऱ्या रिकाम्या ट्रकनं फाट्यावर थांबला. वच्छलाबाई आणि हिलाल तिथं वाट बघतच होते.

"बेबाबाईनं निरोप देल्ला," तो म्हणाला. "गुरगुर झाली अन् ठेका लंगडला, तथी माह्यं नाव होतं म्हने. तिनं वयखलं. पदर डोयाले लावला."

हिलाल खूश झाला. "ऐकं का वहिनी, वळखं तिनी!"

"वळखं. ऐकं नही ना!" वच्छलाबाई उसळली. "तिनं नाव कापाई गये, ते तिनी कापेल जागावरथून वळखानं? हाई काय मान शे?"

तिनं जीवरामच्या रिकाम्या ट्रककडं बघितलं. मग हिलालकडं.

"ढोलक लई ये, जानं शे."

"कोठे?"

"रावेर. तिना सासरानाच दारशी म्हनसू. कानबाईनं गाणं शे, हाकलं ते गाव थुंकी त्याना तोंडवर."

"आनि पयलं नाव?"

"दार तिनं शे ना? मंग पयलं तिनंच." ती ट्रकच्या फळीवर पाय देऊन चढलीसुद्धा. "आनि हिलाल, ठोका असा दे, की म्हताराना टॉवेल खांदावरथून पडाले पायजे."