आतून न उघडणारं दार

मी बोलतोय खरा, पण माझ्यात फोन कधीच नव्हता. दुबईजवळच्या अजमानमधल्या एका वसाहतीतला मी लाल टेलिफोन बूथ. एकाच काळजीनं माझी झोप उडाली होती: माझ्या दाराला आतून कडी नाही.

माझा जन्म उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातला. दापोलीकडच्या दौलतनं मला फायबरमध्ये घडवलं. आतलं हँडल राहिलंय, असं तो म्हणाला, तेव्हा फोरमन यूनुस हसला. "अंदर कौन रहनेवाला है? फोटो खींचने की चीज है. यल्ला, रंग मार."

वसाहतीचं नाव 'इंग्लिश व्हिलेज'. पाऊस वर्षातून चार दिवस, तरी छपरं उतरती. हिरवळ, व्हिलेज हॉल, बदकांचं तळं, पूल. कम्युनिटी अमेनिटीजच्या यादीत सगळ्यात शेवटी मी. ममता नावाच्या एका आईनं माझ्यात मुलांच्या पुस्तकांची फळी लावली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण अगदीच खोटे नाही.

काळजी करण्यात ममताचा हात धरणारं कुणी नाही. वाऱ्यानं माझं दार आपटून एखाद्याची बोटं चेचतील, म्हणून तिनं ग्रुपवर सात मेसेज टाकले. मग बाहेरून कडी बसवायला दौलत आला.

"ताई, आतून पण कायतरी बसवू? पोर अडकलं म्हंजे?"

"नंतर बघू, दौलतभाऊ. जुमेरा लेक टॉवर्सला मीटिंग आहे, आधीच उशीर झालाय."

मी तिला नावं ठेवत नाही. माणसात एका वेळी एकच भीती मावत असेल. मीही गप्पच होतो की.

मे महिन्याची दुपार. ममताची दिया सहा वर्षांची, शेजारचा रुहान पाचचा. डायनासोरच्या एका पुस्तकावरून दोघं भांडले. दियानं त्याचा दंड चावला, त्याला आत ढकललं, कडी लावली आणि पूलकडे पळाली. रुहान काचेवर मुठी मारत राहिला. थोड्याच वेळात माझी भट्टी झाली. त्याच्या तळव्यांचे ओले ठसे काचेवरून खाली खाली घसरत आले, आणि तो खालीच बसला. मी त्याला भाजत होतो आणि मला थांबता येत नव्हतं.

माझा रंग उडाला होता, तो द्यायला त्याच दिवशी दौलत आला. उन्हासाठी तोंडाला फडकं गुंडाळलेलं. त्यानं कडी ओढली. दार उन्हानं फुगलं होतं, कडी हलेना. त्यानं हातोडी घातली. काचेनं त्याचा हात कोपरापर्यंत फाडला, तरी त्यानं पोराला ओढून बाहेर काढलं.

लोकांना दिसलं ते एवढंच: तोंड बांधलेला माणूस, जवळ हातोडी, रक्तानं माखलेलं मूल.

रुहानचा बाप नीलेश पहिला पोचला. त्यानं दौलतला माझ्याच अंगावर आपटलं. मागून चार-पाच जण; दर शनिवारी हॉलमध्ये एकत्र योगा करणारी माणसं. कुणी बरगडीत लाथ घातली. कुणी बोटांवर बूट दाबला. त्याच बोटांनी मला घडवलं होतं. ममतानं पाण्याच्या स्टीलच्या बाटलीनं तोंडावर दोनदा मारलं. दुसऱ्या फटक्याला दात तुटल्याचा आवाज आला. दौलत एकच म्हणत होता, "बच्चे को पानी दो."

रुहानला अॅम्ब्युलन्समधून नेलं, तेव्हा तो कण्हत होता. सिक्युरिटीच्या एमाननं लोकांना मागे ढकलून दौलतच्या तोंडावरचं फडकं सोडलं.

"दौलतभाऊ?" ममताच्या हातून बाटली पडली.

"कडी भायेरनं होती, ताई."

"ह्यानंच कोंडलं असणार," नीलेश म्हणाला. "खलास, आता पोलीस बघतील."

पोलीस निघालेच होते. खरं कुणी सांगितलं नाही, तर दौलत थेट जेलमध्ये जाणार होता.

आज माझ्या काचेच्या जागी पुठ्ठा आहे. काच घाला न घाला, आतून कडी तेवढी बसवा, एवढंच माझं मागणं. त्या दुपारी मात्र वाटलं, माझ्यात खराच फोन असता तर.

मारामारी सुरू होताच पूलवरून धावत आलेली, ओल्या स्विमसूटमधली दिया आईला बिलगली होती. एमान तिच्यासमोर उकिडवी बसली. "हबीबती, हू क्लोज्ड द डोअर?"

ममतानं लेकीचा हात घट्ट दाबला. "शी वॉज इन द पूल. तिनं काही पाहिलं नाही. हो ना, दिया?"

दियानं आईकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या बाटलीकडे.

"मम्मा, आय लॉक्ड हिम," ती म्हणाली. "विल यू हिट मी विथ द बॉटल ऑल्सो?"