चौथ्या मजल्यावरचं पांढरं कापड

काचेच्या पेटीतून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. मी पांढऱ्या मांजरपाटाचा बारा वारांचा तुकडा. सध्या विद्यापीठाच्या एका दालनात माझा मुक्काम आहे. एका बाजूला हात धुवायचं पिंप, दुसऱ्या बाजूला कुण्या शिंपिणीने चिंध्यांतून शिवलेले मास्क, आणि मधे मी. माझ्या पायाशी एक पाटी होती: 'पांढरा झेंडा. साथीच्या काळात मदत मागण्यासाठी एका कुटुंबाने लावलेला.' होती म्हणतोय, कारण आता ती नाही. ती का काढली तेवढं सांगतो.

झेंडा मी कधीच नव्हतो. क्लांग शहरातल्या बाजारातून कल्सोमबाईंनी मला आणलं ते स्वतःच्या कफनासाठी. मागे राहणाऱ्यांची धावपळ नको म्हणून त्यांच्यातल्या पुष्कळ बायका आपलं कापड आधीच आणून ठेवतात. कल्सोमबाईंनी उलटून पालटून, उजेडात धरून इतका वेळ लावला की दुकानदार कंटाळला.

"मावशी, लग्नाला घेताय का?"

"लग्नाचं एवढं कोण बघतं? हे पुष्कळ दिवस वापरायचंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांची मावसबहीण हजला निघाली, तिच्या पेटीत मला कोंबलं. तिने तिथे मला झमझमच्या पवित्र पाण्यात बुडवलं, वाळवलं आणि परत आणलं. माझ्यापायी खजूर कमी बसले, हे ती पुढे दर ईदला ऐकवत राहिली.

तेव्हापासून मी कपाटाच्या खालच्या फळीवर, कापराच्या वड्यांबरोबर. वर्षातून एकदा, हजच्या ईदआधी, कल्सोमबाई मला खिडकीबाहेरच्या बांबूवर ऊन दाखवत. चौथा मजला, मधे चिंचोळा चौक आणि समोरच परमेसची खिडकी. परमेस तमिळ, रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला. दोघींचं सगळं बोलणं खिडकीतून चाले.

"ताई, आज सुकट आणि मिरची परतलीत ना? इकडे शिंकून जीव गेला माझा."

"मग खिडकी लाव की."

"लावली तर वास कसा येणार?"

कल्सोमबाईंचे यजमान डेरिस शाळेची बस चालवत. माणूस अबोल आणि मानी. मूलबाळ नव्हतं, पण बसमधली चाळीस पोरं त्यांना आजोबा म्हणत. घरात कुणाचं काही उसनं आणलेलं त्यांना खपत नसे. वाटीभर साखर आणली तरी संध्याकाळच्या आत परत गेली पाहिजे.

मग साथ आली आणि शाळा बंद झाल्या. बस खाली झाडाखाली उभी राहिली, तिच्या टपावर पानं साचली. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी, पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा, कल्सोमबाई भातात पाणी वाढवू लागल्या. परतायला सुकट नव्हतं आणि तेलही नव्हतं. डेरिस म्हणायचे, "होईल काहीतरी." दोघं जेवायला बसली की एकमेकांच्या ताटाकडे बघत नसत.

त्याच दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरत होता. घरात खायला नसेल तर खिडकीत पांढरं फडकं लावा, लाजू नका, शेजारीपाजारी आणून देतील. कल्सोमबाईंनी तो वाचला की नाही, मला माहीत नाही. ईद आठवड्यावर आली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे मला बाहेर काढलं आणि बांबूवर टाकलं.

तासाभरात दारावर थाप पडली. खालच्या नमाजघरातली दोन माणसं तांदळाची पिशवी आणि माशांचे डबे घेऊन उभी होती, आणि त्यांच्या मागे अंड्यांचा पुडा घेऊन परमेस.

"काय हे?" कल्सोमबाई म्हणाल्या. "आम्ही कुठे..." आणि त्यांची नजर तांदळाच्या पिशवीवर थांबली. मग त्या बाजूला सरकल्या. "ठेवा. आत ठेवा."

माणसं गेल्यावर डेरिस खोलीतून बाहेर आले. खिडकीशी गेले, माझ्याकडे पाहिलं.

"कल्सोम, तू कफन टांगून भात मागितलास?"

"अहो, मी वाळत घातलं होतं. त्यांना वाटलं."

"मग सांगायचं तसं."

"सांगणार होते," कल्सोमबाई म्हणाल्या. आणि त्यांनी चुलीवर भात चढवला.

त्यांनी मला लगेच आत घेतलं नाही. घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, खोटंच लावलं होतं. म्हणून तीन दिवस मी बाहेर लोंबकळत राहिलो. दोनदा पाऊस लागला. बांबूच्या खिळ्याचा गंज माझ्या काठाला लागला, तो डाग अजून आहे. डेरिसनी त्या तांदळातला एक घास खाल्ला नाही. चौथ्या दिवशी पहाटे ते भाजीच्या घाऊक मंडईत गोण्या उतरवायला गेले. सत्तरीला आलेला माणूस. कल्सोमबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, तर म्हणाले, "बाजूला हो. मला माझा भात आणायचाय."

पंधरा दिवस त्यांनी तो आणला. मग ताप आला, मग दम लागला, मग गाडी येऊन घेऊन गेली.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा कल्सोमबाईंनी मला पिशवीत घातलं आणि इस्पितळाच्या फाटकाशी गेल्या. आपलं कापड यजमानांना द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. फाटकावरच्या बाईने हात जोडले. "मावशी, सगळं झालंय. बांधून तयार आहे. आता उघडता येत नाही." पुरताना त्यांना जवळ जाता आलं नाही. कुणीतरी फोनवर दाखवलं, पांढऱ्या पोशाखातली चार माणसं आणि एक लांबट पिशवी. त्या बघत राहिल्या आणि फोन परत दिला. रडल्या नाहीत. मला कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी ऊन दाखवलं नाही. मी कापड, मला काय वाटायचं? पण त्यांनाही काही वाटेनासं झालं होतं. परमेस खिडकीत येई आणि थोडा वेळ उभी राहून निघून जाई.

तीन वर्षांनी डॉक्टर नोरिझान आल्या. समाजशास्त्राच्या प्राध्यापक, आवाज मऊ, वहीत सगळं टिपून घेणाऱ्या. साथीने माणसामाणसांतलं काय बदललं, यावर त्यांचं काम चाललं होतं. आमच्या इमारतीत पहिला झेंडा चौथ्या मजल्यावर लागला, असं त्यांना नमाजघरातून कळलं होतं.

"हाच का तो, मावशी?"

"हाच," कल्सोमबाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर डेरिसपर्यंत जावं लागलं असतं, आणि तिथे त्यांना जायचं नव्हतं. "घेऊन जा. मला नको."

असा मी इथे आलो. दालन उघडलं त्या दिवशी विद्वानांची भाषणं झाली. एक गृहस्थ म्हणाले, साथीने सरकारची जागा शेजाऱ्याला दिली. दुसऱ्यांनी आलेख दाखवला, तो मला काचेतून नीट दिसला नाही. नोरिझानबाई म्हणाल्या, "मागण्यातली लाज या कापडाने पुसून टाकली." टाळ्या पडल्या. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पहिल्या रांगेत परमेसला सोबत घेऊन कल्सोमबाई बसल्या होत्या, आणि त्यांनी टाळी वाजवली नाही.

भाषणं संपल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"बाई," त्या नोरिझानना म्हणाल्या, "हे पुसून टाक. आम्ही मागितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"माझं कफन आहे हे. वाळत घातलं होतं. लोकांना झेंडा वाटला आणि मी गप्प बसले. ह्यांनी त्यातलं शितही खाल्लं नाही. ह्यांनी जन्मात कुणाकडे मागितलं नाही, तेवढं लिही."

बोलली ती परमेस, खाली बघत.

"ताई, लोकांना नाही वाटला. मी सांगितलं त्यांना. दर वर्षी मी हे कापड बघते, मला काय ठाऊक नव्हतं? पण दहा दिवस तुमच्याकडून फोडणीचा वास आला नव्हता. नुसती आले असते तर डेरिसभाऊंनी दारातून परत पाठवलं असतं. म्हणून खाली जाऊन म्हटलं, चौथ्यावर झेंडा लागलाय. मी तसं केलं नसतं तर ते मंडईत गेले नसते."

कल्सोमबाईंनी काचेकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता त्या निघून जातील.

"गेलेच असते," त्या म्हणाल्या. "घरात होतं काय?" आणि परमेसकडे वळून, "अंडी तुझ्या घरची होती ना? त्यातलं एक फुटलेलं होतं."

"जिन्यात धक्का लागला."

"तेही केलं मी. टाकलं नाही."

नोरिझानबाईंनी स्वतःच्या हाताने पाटी काढली. किल्ली मागवते, म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घरी न्या. कल्सोमबाईंनी मान हलवली. "राहू दे. घरात मला ते बघवत नाही. माझी वेळ आली की ही येईल न्यायला." त्यांनी परमेसच्या दंडाला हात लावला. "येशील ना गं?"

परमेसने होकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून माझ्या पायाशी पाटी नाही. नोरिझानबाई नवी लिहिताहेत म्हणे, रोज लिहितात आणि फाडतात. मुलं येतात, वाकून बघतात, हे नुसतंच कापड आहे म्हणून पुढे जातात. त्यांचं मला काही नाही. माझी एवढीच विनंती आहे, आणि ती या दालनाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना. एक दिवस हातमोज्यांच्या कारखान्यातली एक बाई घाईघाईने येईल. तिचं आणि माझ्या मालकिणीचं नातं काय, असं कुणी विचारलं तर तिला सांगता येणार नाही. कृपा करून तिच्याकडून अर्ज भरून घेऊ नका.