पहिल्या दहा मिनिटांनंतर

लिफ्टवाल्यांना बायकोने सकाळीच तंबी दिली होती. "आज तोंड उघडायचं नाही. होडी पोरीची, प्रवास तिचा, बांधाबांधही तिचीच. तुम्ही पायरीवर बसायचं आणि चहा प्यायचा. कळलं?"

कळलं होतं, पण पटलं नव्हतं. चौतीस वर्षं लिफ्टची तपासणी करून निवृत्त झालेला माणूस हा. दोर, साखळी, नट काहीही दिसलं की ह्यांचे हात शिवशिवायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी डोक्यावरचा पंखा न्याहाळायचे आणि मगच खुर्चीत टेकायचे. अशा माणसाने मूग गिळून गप्प बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

पण बसले. लेक एकटीच राबत होती. चार तासांच्या अंतरावरच्या तलावावर तिला नोकरी लागली होती, मुलांना होडी चालवायला शिकवायची. सोमवारी रुजू व्हायचं आणि स्वतःची होडी घेऊनच यायचं, अशी तिथली अट. होडी लहान, लाकडी, बापलेकीने मिळून डागडुजी केलेली. ती कालच ट्रेलरवर चढवली होती, पण चढवणं वेगळं आणि बसवणं वेगळं.

लेक ट्रेलरखाली पाठीवर आडवी झाली होती. होडीचा कणा मधल्या रोलरवर नीट टेकला पाहिजे, भार सगळा त्याच्यावर. बाजूच्या गादी लावलेल्या फळ्यांनी नुसता तोल सांभाळायचा. डावी फळी जरा जास्तच वर आली होती. तिने पान्याने बोल्ट सैल केला, फळी बोटभर खाली घेतली, पुन्हा आवळला. लिफ्टवाले मनातल्या मनात म्हणाले, 'शाबास!' तोंड मात्र बंद.

मग तिने ट्रेलरची दांडी दोन्ही हातांनी उचलून बघितली. हलकी लागली. म्हणजे होडी मागे बसली होती, रस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवत सुटला असता. तिने पुढच्या खांबावरचं हँडल फिरवून होडी वीतभर पुढे ओढली आणि परत दांडी उचलली. आता बरोबर. लिफ्टवाल्यांना उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पोरीला कुणी काही सांगायची गरजच नव्हती!

मागचे दोन पट्टे तिने होडीवरून घेतले, काठाला घासू नयेत म्हणून खाली जुन्या चादरीच्या घड्या सारल्या आणि पट्टा आवळायचं दातेरी रॅचेट ओढलं. कट्, कट्, कट्. राहिला पुढचा दोर. तो तिने होडीच्या नाकाच्या कडीला बांधला. मग सोडला. परत बांधला. परत सोडला. चार वेळा! लिफ्टवाल्यांनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला. गाठ पहिल्यांदाच उत्तम बसली होती. ही एवढी का घाबरतेय, ते त्यांना कळेना.

ट्रेलर गाडीला जोडला, साखळ्या लावल्या. मागचे दिवे बघायला आई हात पुसत बाहेर आली. "डावा लागला! उजवा... उजवा... अगंबाई, दोन्ही लागले, ब्रेकवरचा पाय काढ की!"

आई हसत आत गेली. लेक हात धुऊन आली, पिशवी खांद्याला. "निघते, बाबा."

"वाटेत कुठे थांबणार?" एवढं विचारायला काय हरकत होती?

"कशाला? सरळ गाठते. हे पट्टे जाड आहेत," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मागच्या वेळेसारखा हलका माल नाही."

लिफ्टवाल्यांनी कप पायरीवर ठेवला.

मागच्या वर्षी ही होडी त्यांच्याच ट्रेलरवरून रस्त्यावर पडली होती. गावाबाहेरच्या गतिरोधकावर धाडकन आवाज आला आणि मागे वळून बघतात तो होडी आडवी, कुशीतून फुटलेली. मागची गाडी अजून लांब होती म्हणून निभावलं. गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, "काय हो, तुम्ही तर तपासणीवाले!" आणि ह्यांच्या तोंडातून निघून गेलं, "पट्टाच फसवा निघाला. हलका माल." झालं. घरी तेच सांगितलं, शेजारी तेच सांगितलं, आणि सांगून सांगून ते घट्ट होऊन बसलं.

खरं वेगळंच होतं. नवा पट्टा ताण बसून सैल पडतो, होडी धक्क्यांनी गादीत खाली बसते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा ओढायचेच असतात. लिफ्टवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मेहुणा आपली गाडी घेऊन मागून येत होता, आणि ह्यांना त्याच्या पुढे राहायचं होतं. बस, एवढंच! चौतीस वर्षं लोकांच्या दोरांची तपासणी केली आणि स्वतःच्या दोरापाशी मेहुण्याने गाठू नये म्हणून थांबले नाहीत. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि आता पोरगी त्या थापेच्या भरवशावर चार तास न थांबता जायला निघाली होती. सांगावं तर लेकीसमोर नाक कापलं जाणार. न सांगावं तर... पुढचा विचार त्यांच्याच्याने होईना. ती गाडीचं दार उघडत होती.

"चिंगे, थांब." ते उठले. "पट्टा चांगला होता."

"काय?"

"मागच्या वेळचा. काही हलका माल नव्हता. मी थांबलो नाही. दहा मिनिटांनी थांबून पट्टे ओढायचे असतात, ते ओढले नाहीत. तुझा मामा मागे होता, त्याच्या पुढे राहायचं होतं मला. खोटं बोललो मी. सगळ्यांशी."

लेकीने पिशवी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "म्हणजे माझी गाठ सुटली नव्हती?"

"कुठली गाठ?"

"पुढचा दोर मीच बांधला होता ना तेव्हा! मला वाटलं, माझी गाठ सुटली आणि तुम्ही मला पाठीशी घालताय. पट्ट्याचं नाव पुढे करून." तिने गाडीचं दार आपटून लावलं. "वर्षभर, बाबा! तिथे मला मुलांना गाठी शिकवायच्या आहेत, आणि रात्र रात्र मला झोप नाही की ज्या बाईची स्वतःची गाठ सुटते ती काय कपाळ शिकवणार!"

आपलं नाक वाचवायला आपण पोरीच्या डोक्यावर काय ठेवलं, ते लिफ्टवाल्यांना आत्ता कळलं.

"अगं, मागचे पट्टे ढिले पडल्यावर सगळा हिसका पुढच्या दोरावर आला. दोर मधोमध तुटला. तुझी गाठ कडीला जशीच्या तशी होती. इतकी घट्ट, की सुटेना म्हणून मी सुरीने कापून काढली. माझी चूक होती, बाळा. माफ कर मला."

ती रडली. मग चिडली, दोनदा "वर्षभर!" म्हणाली, त्यांच्या दंडावर एक चापट मारली आणि परत रडली. आई दारात आली. "बोललात ना शेवटी? सकाळी काय सांगितलं होतं मी?"

"बोलू दे त्यांना, आई," लेक डोळे पुसत म्हणाली. "उशिरा का होईना, बोलले एकदाचे. तू बाबांना परत आणायला स्कूटर घेऊन मागून ये. बाबा, पुढे बसा. कुठे थांबायचं ते तुम्ही दाखवायचं."

दहा मिनिटांनी पेट्रोलपंपाच्या कडेला ती थांबली. पट्ट्याखाली तिचा हात सहज गेला. दोन्हीकडचं रॅचेट तीन-तीन दात ओढावं लागलं. पुढच्या गाठीकडे तिने एकदाच बघितलं आणि तिला हातही लावला नाही.

"आता तासाभराने," लिफ्टवाले म्हणाले. "मग जिथे उतरशील तिथे. मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकव."

"शिकवीन. आणि मी हे कसं शिकले, तेही सांगीन."

"सगळं?"

"सगळं. मामासकट."

मागून स्कूटरचा हॉर्न वाजला. लिफ्टवाल्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"सांग," ते म्हणाले.