पन्नास मैलांनंतर

अर्लीनने मुठीतला चाकाचा नट रॉस्कोच्या ताटात टाकला. तळलेल्या माशावर आपटून तो शेजारच्या मक्याच्या लापशीत रुतला.

"ओळखतोस का रे हा?"

रॉस्को अंगणातल्या टेबलाशी एकटाच जेवत होता. झाडाखाली डॉमिनो खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी हातातल्या सोंगट्या तशाच धरून ठेवल्या. तळ्याकडचे उसाचे फड पेटवले होते आणि जळक्या पाचटाची काळी राख गावावर भुरभुरत होती.

"ओळखतो," रॉस्को म्हणाला. "क्लोव्हिसच्या गाडीचा."

"बाकीचे कालव्यात पडलेत. उतर आणि शोध."

गेल्या रविवारी सकाळी तळ्याकाठच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं आणि गाडी कालव्याच्या उतारावर जाऊन आदळली. क्लोव्हिस वाचला, पण पायात सळ्या घातल्या होत्या, आणि ऊसतोडणीच्या यंत्रावर तो पुन्हा चढेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

आणि हे सगळं त्या चाकांपायी! क्लोव्हिसच्या जुन्या इम्पाला गाडीला कुठली चाकं घालायची यावर दोघे मित्र महिनाभर भांडले होते. रॉस्को म्हणायचा, चोवीस इंची घे. आपल्या रस्त्यांना खड्डे फार, सव्वीसवर टायर पट्ट्याएवढा पातळ उरतो, सगळा दणका चाकाला बसतो. क्लोव्हिस म्हणायचा, चोवीसकडे चर्चबाहेरचं कुत्रंही वळून बघणार नाही. शेवटी सव्वीस आली, आरशासारखी चकचकीत. अंगणातच गाड्या दुरुस्त करणाऱ्या रॉस्कोने मडगार्ड कापून ती बसवून दिली. मग रोज संध्याकाळी क्लोव्हिस त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसायचा. आधी पाण्याच्या धारेने राख वाहून घालवायची, मगच मऊ फडकं. कोरडं पुसलं की चरे पडतात.

"माझं तोंड कधी इतक्या मायेनं पुसलं नाहीस," अर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच बोलला होता, "रॉस्कोनं नट नीट आवळले नसतील." त्या एका वाक्यावर अर्लीन आठवडाभर धुमसत होती. दवाखान्यात ती रॉस्कोच्या अंगावर धावून गेली होती. चर्चच्या गायकवृंदात तिने एकेकीला गाठून सांगितलं होतं.

"तीस वर्षांची दोस्ती म्हणे!" ती आता म्हणाली. "चार नट आवळता आले नाहीत तुला? की बियर पीत बसला होतास?"

रॉस्कोने ताट बाजूला सारलं. "चूक माझीच आहे. मी त्याच्याकडून चावी काढून घ्यायला हवी होती."

"कसली चावी?"

तेवढ्यात जाळीचं दार आपटून त्याची बायको व्हर्नेल बाहेर आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"सांग ना तिला. नाहीतर मी सांगते."

"व्हर्नेल, आत जा."

"नाही जात. आज चर्चमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायला तयार नव्हतं. का, ते हिला विचार." चर्चमध्ये हाक मारतात तशीच हाक मारत ती अर्लीनकडे वळली. "नवी चाकं बसवली की पन्नास मैल चालवून परत आणायची असतात, सिस्टर अर्लीन. चाक जागेवर बसतं आणि नट सैल पडतात. ते पुन्हा आवळावे लागतात. क्लोव्हिसला हे माहीत होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो त्यासाठीच आला होता. गाडी इथंच उभी होती. रॉस्को जॅक आणायला आत वळला आणि क्लोव्हिसचा फोन वाजला."

अर्लीनची नजर ताटातल्या नटावर गेली. व्हर्नेल थांबली नाही.

"क्लोव्हिसचे हात मळलेले होते, म्हणून त्यानं स्पीकर लावला. तुझा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. म्हणालीस, चर्चमधल्या जेवणाची टेबलं कोण तुझा बाप पोचवणार का? आत्ता ये, नाहीतर त्या चाकांच्याच कुशीत झोप. रॉस्को म्हणाला, दहा मिनिटं थांब. क्लोव्हिस म्हणाला, माझी बायको तुला माहीत नाही का? उद्या येतो."

एका म्हाताऱ्याने सोंगटी हळूच टेबलावर पालथी ठेवली.

शनिवारी क्लोव्हिस तसाच मळक्या हातांनी घरी आला होता. टेबलांवरच्या चादरींना डाग पडतील म्हणून त्यावरूनही ती त्याला बोलली होती. अर्लीनने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"दवाखान्यात का नाही बोललास?" तिने रॉस्कोला विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"तू घाबरलेली होतीस. तो आत तळमळत होता. तेव्हा काय बोलायचं?"

"मोठा आलाय उपकार करणारा! कुणी सांगितलं होतं तुला?"

अंगणाच्या कोपऱ्यात कालव्यावरून ओढून आणलेली इम्पाला तीन चाकांवर आणि एका ओंडक्यावर टेकून उभी होती. अर्लीन तरातरा तिकडे गेली.

"पाना दे."

रॉस्कोने लांब दांड्याचा पाना आणून दिला. "नट पुरेसा आवळला की टिक असं वाजतं, तिथं थांबायचं. शेजारशेजारचे नाही, समोरासमोरचे घे."

"तुझा चर्चचा झगा आहे अंगावर," व्हर्नेल दारातून म्हणाली. "ग्रीस लागेल."

"लागू दे."

तिने मागच्या चाकाच्या पहिल्या नटाला पाना लावला आणि सगळा भार टाकला. भाराची गरज नव्हती. बरणीचं झाकण फिरावं तसा नट फिरला. दुसराही फिरला. टिक वाजेपर्यंत ती एकेक आवळत गेली. तिसरं चाक संपलं तेव्हा तिने पाना रॉस्कोच्या पायाशी मातीत टाकला आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडली.

घरी क्लोव्हिसची खाट बैठकीच्या खोलीत टाकली होती. समोर फुटबॉलचा सामना चालू होता.

"खडसावलंस का त्याला?"

"हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नवी चाकं बसवली की पन्नास मैलांनंतर नट परत आवळावे लागतात." ती दारातच उभी होती. "तुला माहीत होतं?"

क्लोव्हिसने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

"नाही," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही."

अर्लीन खाटेपाशी आली. त्याच्या पायाखालची उशी घसरली होती. पाय एका हाताने अलगद उचलून तिने उशी आत सरकवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला, जरा जास्तच मोठा.

उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर तिच्या बोटांचे ग्रीसचे काळे ठसे उठले होते. सामन्यात कुणीतरी गुण मिळवला, लोक ओरडत होते. क्लोव्हिसची नजर मात्र उशीवरून हलत नव्हती.