तान उशिरा उमटली

अरे थांब, जाऊ नकोस! आत्ता इथं काय झालं ते ऐक तरी! मी मॉनिटर बोलतोय. सावेडीतल्या सुनीलच्या कॉम्प्युटरचा, चौदा इंची, रंगीत.

मागच्या वर्षी, शहाण्णवला, मी पुण्याहून एसटीनं आलो, सुनीलच्या मांडीवर बसून. कंडक्टर म्हणाला, "याचं हाफ काढू का फुल?" सगळी गाडी हसली. मी पण हसलो, खोक्यातल्या खोक्यात.

सुनील सरगम लिहायचा प्रोग्रॅम बनवतोय, शेजारच्या बन्सीकाकांसाठी. काकांनी चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. आता पाठ होतं ते निसटतं, आणि डोळ्यांना काचबिंदू. वहीतलं दिसत नाही, माणसं आवाजावरून ओळखतात. पण सुनीलनं माझ्यावर लिंबाएवढा 'सा' काढला आणि काका ओरडलेच, "आरं, दिसतोय की! लई झ्याक दिसतोय!"

मग काय, काका रोज हजर. खुर्ची एवढी जवळ ओढायचे की माझी काच त्यांच्या श्वासानं धुरकट व्हायची. सारेगमचे साधे अलंकारच वाजवायचे, पण खुश!

एक ओळ संपली की ती पुसली जायची, पुढची उमटायची. त्याला किती वेळ लागतो ते वृषाली घड्याळ लावून मोजायची. वृषाली म्हणजे सुनीलची बहीण, एकदम फटकळ.

"दादा, नुसतं सारेगम टाकून काय तपासतोस? काकांच्या वहीतली तान टाक."

"तान पण अशीच पळेल गं. डोकं नको खाऊ."

आज भिंगारच्या संगीत क्लासचे सर प्रोग्रॅम बघायला आले. काका इस्त्रीचा सदरा घालून वाजवायला बसले. पहिली ओळ मस्त! मग आली वहीतली तान, आज पहिल्यांदाच. एकेका मात्रेत चार-चार सूर, सप्तक दाखवायला वर टिंबं, खाली टिंबं. जुनी ओळ पुसली गेली आणि... काहीच नाही! मी पांढराफटक! दोन सेकंद, पाच सेकंद. प्रोग्रॅम अडकला होता रे. मला जे पाठवतात तेच मी दाखवणार ना?

काकांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. डोळे चोळले.

"डाक्टर बोललेच हुते. मानसं आदीच गेली हुती. आता सूर बी गेले."

आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा तान उमटली. अख्खी, एकेका टिंबासकट.

वृषालीनं सुनीलकडे बघितलं. सर समोरच बसलेले. सुनीलनं तोंड उघडलं, आणि म्हणाला काय? "काका, चहा घेता?"

"नगं बाळा. तुजं यंत्र चांगलं हाय. मीच संपलो." क्लॅरिनेट टेबलावर ठेवली. "कुनाला तरी देऊन टाक." भिंत चाचपडत जिना उतरून गेले.

सरही गेले. वृषाली रडतेय, ओरडतेय, "आधी जाऊन सांग त्यांना! त्यांचे डोळे गेले नाहीत, तुझा प्रोग्रॅम अडकला!" आणि सुनील कीबोर्डवर वाकलाय. "दुरुस्त करतो, मग जातो. आत्ता कुठल्या तोंडानं जाऊ?"

माझ्यावर तीच तान पुन्हा पुन्हा येतेय. अजून अडकतेच आहे. पलीकडच्या घरात काका काय करत असतील, कुणास ठाऊक.

मला ना पाय, ना काकांपर्यंत पोचेल असा आवाज. सुनीलला दोन्ही आहेत. खरं सांग यार, त्याच्या जागी तू असतास तर आधी काय केलं असतंस?